गौरीच्या मखराचा कंडेन्सर

लग्न होऊन मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले, त्यानंतरचे कितीतरी महिने माझे सासरे माझ्याशी एक शब्दही थेट बोलले नाहीत. राग वगैरे काही नव्हता, ती त्या घरातली रीत होती. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो आणि सासऱ्यांना मामा. मामांना मला काही सांगायचं असलं की ते आत्तींना सांगायचे आणि आत्ती माझ्याकडं तोंड करून तेच मोठ्यानं सांगायच्या. तिघं एकाच खोलीत असलो तरी.

"चहात साखर कमी टाक म्हणावं," मामा म्हणायचे.

"साखर कमी टाक म्हणत्यात," आत्ती म्हणायच्या.

"बरं," मी म्हणायचे.

"बरं म्हणती," असं आत्ती पुन्हा मामांना कळवायच्या.

माझं माहेर राधानगरीकडचं. भाताची खाचरं, दावणीला म्हशी, आणि पाऊस असा की माणूस पावसाला कंटाळून पावसातच फिरायला जाईल. तिथून येऊन मी कोल्हापुरात हॉस्टेलवर राहिले आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. लग्नानंतर ते सर्टिफिकेट ट्रंकेत गेलं. नवरा सकाळच्या एस.टी.नं इचलकरंजीला कामाला जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. दिवसभर घरात मी, आत्ती आणि मामा.

मामा साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांना नाद एकच, रेडिओ उघडण्याचा. सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर दोन-तीन रेडिओ कायम पोट फाडून पडलेले असत. सोल्डर तापलं की राळेचा वास पार स्वयंपाकघरात यायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तोच वास असायचा, त्यामुळं मला तो फार आवडे. भाकरी थापता थापता मी मान वाकडी करून बघायची, मामा आज काय जोडताहेत. पण विचारणार कसं? आत्तींच्या मार्फत ट्रान्झिस्टरबद्दल काय बोलणार?

हे सगळं बदललं ते आत्तींमुळं.

आदल्या वर्षी म्हणे गौरीच्या मखराला रंगीत बल्ब लावले होते. त्यांच्या उष्णतेनं तेरड्याचे डहाळे संध्याकाळपर्यंत माना टाकून बसले, आणि गौरीच्या नव्या साडीच्या पदराला एक तपकिरी डाग पडला. आत्तींच्या मनात तो डाग वर्षभर सलत होता. अशात माझ्या नवऱ्यानं एक टेपरेकॉर्डर आणला. तो चालू केला की पुढं एक बारीक लाल दिवा लागायचा. घरातल्या सगळ्यांनी गाणी ऐकली. आत्तींनी मात्र त्या दिव्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ह्यो तापत न्हाय की ओ," त्या मामांना म्हणाल्या. "गौरीला असलंच लावा. थंड दिवं."

मामा खूश झाले. बायकोनं आपणहून त्यांच्या नादाला काम देण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून ते मूठभर लाल एलईडी घेऊन आले. त्या काळात असे सुटे दिवे कुणाच्या घरी बघायला मिळत नसत. साबुदाण्याएवढं लाल डोकं आणि खाली तारेचे दोन पाय.

पण असल्या चिमुकल्या दिव्यांना घरची वीज सोसत नाही. मधे काहीतरी अडवणारं लागतं. मामांनी आधी एक जाडजूड रेझिस्टर लावला. दिवे लागले, आणि थोड्या वेळानं रेझिस्टर असा तापला की त्याच्याखालची लाकडी फळी करपायला लागली.

"थंड दिवं मागिटलं तर चूल मांडून दिली तुम्ही," आत्ती म्हणाल्या.

मामा विचारात पडले. मग त्यांनी पत्र्याचा एक डबा काढला. त्यात जुन्या रेडिओतून काढलेले कंडेन्सर होते. कॉलेजात आम्ही त्याला कपॅसिटर म्हणायचो, आमच्या गावात आणि या पेठेत सगळे कंडेन्सरच म्हणत. मामांचा अंदाज बरोबर होता. रेझिस्टर स्वतः तापून वीज अडवतो. कंडेन्सर नुसता भरतो आणि रिकामा होतो, भरतो आणि रिकामा होतो, त्यामुळं न तापता अडवतो. पण डब्यातून त्यांनी उचलला तो ॲल्युमिनियमच्या नळकांड्याचा, अंगावर अधिक-उण्याची खूण असलेला. तसला कंडेन्सर एकाच दिशेच्या विजेला चालतो. घरातली वीज तर सारखी दिशा बदलत असते.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"आत्ती," मी म्हणाले, "मामांना सांगा, त्याला प्लस-मायनस हाय. घरच्या लाइनीवर लावू नका म्हणावं."

"त्येला प्लस-मायनस हाय म्हणती," आत्तींनी निरोप दिला.

"म्हणजे काय म्हणावं?" मामांनी तार खोचत विचारलं.

"म्हणजे काय, म्हणत्यात."

"आत्ती, तो फुटंल म्हणावं!"

"फुट..." एवढं आत्तींच्या तोंडून येतंय तोवर मामांनी बटण दाबलं होतं.

आधी गुरगुर ऐकू आली. मग असा बार झाला की शेजारच्या माडीवरून कुणीतरी "काय झालं गा?" म्हणून ओरडलं. नळकांडं छताला आपटून खाली आलं. त्याच्या पोटातले कागदाचे आणि चंदेरी वर्खाचे कपटे सोपाभर भुरभुरत राहिले. एक कपटा मामांच्या मिशीवर बसला.

मामा खुर्चीतून उठले आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "लागलं काय गं तुला?"

"न्हाय मामा. तुम्हाला?"

"मला काय होतंय! पण तू आधी का न्हाय सांगितलंस?"

"सांगत होते की..."

आम्ही दोघांनी आत्तींकडं पाहिलं. आत्ती केरसुणी घ्यायला वळल्या होत्या. "माझ्याकडं काय बघताय?" त्या म्हणाल्या. "इथनं म्होरं तुमचं तुम्ही बोला. मला त्ये इंग्रजी पेलत न्हाय."

झालं. रीत मोडली ती अशी. त्या दुपारी मामांनी मला टेबलापाशी दुसरी खुर्ची दिली. मी डोक्यावरचा पदर सावरून अवघडून बसले. त्यांनी विचारलं, "आता कसला घ्यायचा सांग," आणि मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागं गणित मांडायला लागले. बोलता बोलता पदर खांद्यावर आला ते मला कळलंच नाही. त्यांनाही नसावं.

मामा मात्र नुसत्या गणितावर थांबणारे नव्हते. माझा हिशोब पुरा व्हायच्या आत त्यांना छतावरचा पंखा दिसला.

"पंख्यात कंडेन्सर असतोय," ते म्हणाले. "त्याला प्लस-मायनस न्हाय आणि लाइनीवर तर वर्षानुवर्षं चालतोय."

"फुटणार न्हाय मामा, पण माप मोठं होईल," मी म्हणाले. "कंडेन्सर जेवढा मोठा, तेवढी वीज जास्त सोडतोय. ह्या दिव्यांना चमच्यानं पाजायला पाहिजे, हा घागरीनं ओतंल."

"बघू तरी की."

स्टुलावर चढून त्यांनी पंख्याचा कंडेन्सर काढला, जोडला आणि बटण दाबलं. सगळे दिवे एकदम झगझगीत पेटले. इतके सुंदर ते नंतर कधीच दिसले नाहीत. डोळ्याची पापणी लवेपर्यंत ते होते, मग सगळे काळे पडले.

"घागर झाली," मामा म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

कंडेन्सर परत पंख्याला लावताना त्यांची एक तार चुकली. जेवून मामा पंख्याखाली आडवे झाले तर वारा लागेना. पंखा तर जोरात फिरत होता. बराच वेळ वर बघून आत्तींनीच ओळखलं, "आवो, ह्यो उलटा फिरतोय!" वारा सगळा वर जात होता आणि छतावरची जळमटं डोलत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लक्ष्मीपुरीत गेलो. मामा पुढं, मी चार पावलं मागं. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या, कारण सासरा आणि सून मिळून बाजाराला निघालेत हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात मामांनी जळलेल्यांच्या जागी नवे दिवे घेतले, आणि मी सांगितलं ते माप दुकानदाराला लगेच सापडलं. हिरव्या रंगाचे, चिंचोक्याएवढे कंडेन्सर. पण त्यानं पुढं विचारलं, "कितीच्या व्होल्टचा देऊ?"

"घरची लाइन दोनशे तीसची," मामा म्हणाले. "अडीचशेचा पुरंल."

"पुरणार न्हाय मामा," मी म्हणाले. "दोनशे तीस हा सरासरीसारखा आकडा. लाट वर चढती तवा सव्वातीनशेपर्यंत जाती. त्याच्याहून बराच वरचा घ्यायला पाहिजे."

"सव्वातीनशे? मग बिलावर दोनशे तीस कशाला म्हणत्यात?"

दुकानदार आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. शेवटी म्हणाला, "पावणं, दोन्ही घेऊन जावा की. देवाला तरी कळंल कोण खरं हाय त्ये."

घरी येऊन मामांनी माळेला जुन्या रेडिओतला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं सोडणारा तुकडा, उलटा जोडला आणि हट्टानं आधी अडीचशेवाला लावला. आणि तो टिकला! दुपारभर टिकला, संध्याकाळी माझा नवरा आला तेव्हाही दिवे मंद, गोड जळत होते. हात लावला तर गार. मामा चहा पिताना माझ्याकडं बघून गुणगुणत होते. मी जेवताना मनातल्या मनात ते गणित पुन्हा पुन्हा तपासलं. तीन वर्षं शिकले ते चुकीचं शिकले की काय असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजेच्या वेळी सोप्यातून जळका वास आला. हिरवा चिंचोका फुगून तडकला होता. मामांनी तो तळहातावर घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला. मग म्हणाले, "लाट चढली म्हणायची. आण तो दुसरा."

दुसरा सहाशे तीसचा होता. तो बसला आणि पुढं कधी त्यानं कुरकूर केली नाही. पण माझंही एक शिकायचं राहिलंच होतं. माळ काढून ठेवायला म्हणून मी प्लग उपसला आणि त्याच्या पितळी काड्यांना माझी बोटं लागली. खाडकन् झटका बसला! प्लग माझ्या हातात, भिंतीतून निघालेला, तरी चावला.

"अगं, बटण बंद केलं तरी त्याच्या पोटात वीज राहती!" मामा धावत आले. "रेडिओ दुरुस्त करताना मी किती झटके खाल्लेत त्याचे. पुस्तकात हे लिहीत न्हाईत काय?"

पुस्तकात होतं. मी पाठही केलं होतं. बोटांना मात्र ते आज कळलं. मामांनी कंडेन्सरच्या दोन पायांमधे एक बारीकसा रेझिस्टर सोल्डरनं आडवा डागला, म्हणजे प्लग काढला की साठलेली वीज त्यातून मुरून जाईल. मग सगळ्या उघड्या तारांवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या.

आत्तींना आता उत्साह चढला होता. गौरीचा चांदीचा मुकुट हुपरीहून घडवून आणलेला, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा. त्यांचं म्हणणं, दिवे त्या मुकुटालाच लावायचे.

"चांदीला न्हाय," मामा म्हणाले.

"का बरं?"

"चांदीतनं वीज धावती. तू हळदीकुंकू लावायला जाशील आणि गौर तुला धरून ठेवंल."

"मग मखराच्या लाकडाला लावा," त्या म्हणाल्या, "पर शंकरोबाला बी पायजेत. न्हायतर त्यो रुसंल."

आमच्याकडं गौर आधी येते आणि तिचा नवरा शंकरोबा दुसऱ्या दिवशी येतो. तेव्हा दोन माळा आल्या. मला एक युक्ती आठवली. घरची वीज झोक्यासारखी पुढं-मागं होते. एक माळ सुलट जोडायची आणि एक उलट. झोका पुढं गेला की गौरीची माळ लागेल, मागं आला की शंकरोबाची. झोका इतका जलद असतो की डोळ्यांना दोन्ही कायम लागलेल्या दिसतात, कंडेन्सर एकच पुरतो आणि डायोड लागतच नाही. मामांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती भाजीवाल्यालाही सांगितली, आणि सुटा झालेला डायोड त्याच्या बिघडलेल्या रेडिओत बसवून टाकला.

आत्तींची एकच अट होती. शंकरोबा यायच्या आधी त्याचे दिवे लागता कामा नयेत. म्हणून त्याची माळ सुटी ठेवली, दुसऱ्या दिवशी जोडायची म्हणून. चाचणीला आम्ही दोन्ही माळा जोडून बघितल्या, त्या छान लागल्या. एकेकटी लावून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

गौर आली. आत्तींनी नदीवरून डहाळे आणले, मी दारात त्यांच्या पायांवर पाणी घातलं, हळदीकुंकवाच्या पावलांवरून गौर घरभर फिरून मखरात बसली. मुकुट चढला, नथ चढली. पेठेतल्या बायका दिवे बघायला म्हणून आधीच जमल्या होत्या. आत्तींनी मामांना खूण केली. मामांनी बटण दाबलं.

माळ एकदा लुकलुकली आणि गप्प झाली.

मामांनी पुन्हा दाबलं. पुन्हा एक लुकलुक आणि अंधार. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्तींचा चेहरा मला बघवेना. मामा वाकून तारा चाचपत होते, त्यांच्या कपाळावर घाम होता. भाजी-भाकरीचा नैवेद्य घेऊन मी तशीच उभी राहिले. आणि तिथं उभ्या उभ्याच लक्षात आलं.

"मामा," मी खाली बसून हळूच म्हणाले, "झोका एकाच बाजूला जातोय. परत यायची वाटच न्हाय. कंडेन्सर एकदा भरला, रिकामा कुठनं होणार? शंकरोबाची माळ जोडल्याबिगर गौरीची लागणार न्हाय."

मामांनी कपाळावर हात मारला. "डायोड परत लावला तर?"

"चालंल की. हाय काय घरात?"

होता तो भाजीवाल्याच्या रेडिओत गेलेला, आणि सणाला दुकान बंद. मग मामा आत्तींच्या कानाशी लागले. मी आत्तींकडं बघत होते. त्या ऐकत होत्या, मधेच भुवया वर गेल्या, मग पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"म्हणजे नवरा आल्याबिगर ती उजळत न्हाय म्हणा की," त्या म्हणाल्या. "आणा त्येला. पर मागं बसू दे. दिसाय नको."

मी आतून शंकरोबाची माळ आणली. मामांनी मखराच्या मागं ती जोडली आणि वर सूप पालथं घातलं. या वेळी बटण दाबलं आणि गौरीचं मखर लाल माणकांनी मढवल्यासारखं उजळलं. बायकांच्या तोंडून एकदम "आई गं!" निघालं. चांदीच्या मुकुटावर, नथीच्या मोत्यांवर, तेरड्याच्या फुलांवर ते बारीक लाल ठिपके पडले होते. आत्तींनी पुढं होऊन एका दिव्याच्या नळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. गार.

झिम्मा सुरू झाला. फुगड्या खेळून दमलेली शेजारची एक काकू मखराच्या बाजूला टेकली आणि दचकून ओरडली, "आगं, ह्या सुपाखाली काय इस्तू हाय व्हय? लाल दिसतंय!"

सगळ्या थांबल्या. मी मामांकडं बघितलं, मामा दाराकडं. आत्ती मात्र शांतपणे म्हणाल्या, "इस्तू न्हवं त्यो. शंकरोबा हाय. एक दिस आधीच आलाय. बायकोबिगर करमंना त्येला."

तो हशा अजून माझ्या कानात आहे. बायका पोटं धरून खाली बसल्या. काकूनं सूप किंचित उचलून आत बघितलं आणि "या पावणं!" म्हणाली, तेव्हा पुन्हा एकदा सगळा सोपा हादरला. मामा हसता हसता बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शंकरोबा रीतसर आला, सूप उचललं, पुरणपोळ्या झाल्या. तेरडा विसर्जनापर्यंत ताजा राहिला. त्यानंतर पेठेतल्या चार घरांतून आम्हाला मखराच्या दिव्यांसाठी बोलावणं आलं. मामा मला बरोबर घेतल्याशिवाय कुठंही जात नसत. कुणी त्यांना विचारलं की म्हणायचे, "कंडेन्सरचं तिला विचारा. मी फक्त सोल्डरचा डाग देतो."

दिवाळी झाली आणि एका सकाळी चहा घेताना मामांनी मला विचारलं, "शिक्षिका व्हायला आवडंल काय तुला? बी.एड.चे फॉर्म निघालेत म्हणं."

मी आत्तींकडं बघितलं. त्या शेंगा फोडत होत्या.

"माझ्याकडं काय बघतीस?" त्या म्हणाल्या. "जा की. सैपाक मी बघती सकाळचा. संध्याकाळचा मात्र तू. आणि त्या टेबलावर जरा जागा कर, तुझी पुस्तकं कुठं ठेवणार?"

मामांनी त्याच दुपारी एक रेडिओ मिटून कपाटावर ठेवला आणि टेबलाचा अर्धा भाग फडक्यानं पुसून मला दिला. पुढच्या जूनमधे मी बी.एड.ला जायला लागले.